काळ्या देवळाचे हजेरीवाले

शांतवनराव आढाव बसलेले मला आठवतच नाहीत. आठवतात ते उभे, नाहीतर चाललेले, नाहीतर एक पाय सायकलच्या पायडलवर टाकून कुणाशी तरी तावातावानं बोलणारे. आमच्या कारखान्याच्या टाइमऑफिसात, कामगारांची हजेरी मांडणाऱ्या कचेरीत, हेड टाइमकीपर म्हणून त्यांना हातांची खुर्ची मिळाली होती. मी धाकटा कारकून, मला स्टूल. पण ती खुर्ची इतकी रिकामी असायची की तिच्यावर माझा डबा, माझी छत्री आणि पावसाळ्यात माझा ओला रुमाल असा सगळा संसार मांडलेला असे. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, सहीसुद्धा उभ्यानं. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई म्हणायच्या, "आमच्या लग्नात पाद्रीसाहेब आशीर्वाद देत व्हते, तवा ह्ये मागं वळून वळून बगत व्हते, कोन आलंय आन् कोन न्हाई आलं."

हे अगदी खरं असणार. कोण आलं आणि कोण नाही आलं, या एका प्रश्नानं त्या माणसाला जन्मभर पछाडलं होतं.

बासष्ट-त्रेसष्टचा काळ. पिंपरीच्या आजूबाजूला ज्वारीच्या रानांत एकेक शेड उभी राहत होती आणि रोज सकाळी गेटवर नवीन तोंडं दिसत होती. मी चिपळूणकडचा. नोकरी लागली, पण राहायचं कुठं? कासारवाडी स्टेशनाजवळ एकेका खोलीत सहा-सहा जण कोंबलेले, त्यांच्यात मी सातवा. शांतवनरावांनी पहिल्याच आठवड्यात हटकलं.

"काय रं कोकन्या, ऱ्हातूस कुटं?"

मी सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. "माज्या घरामागं खोली हाय. मासं तळलंस तरी चालंल. फकस्त रविवारी सकाळी घंटा वाजती, तवा शिव्या द्यायच्या न्हाईत."

असा मी पाद्रीमळ्यात राहायला गेलो. रुळांपासून थोडं आत, चिंचेच्या झाडांत, काळ्या दगडाचं एक बुटकं इंग्रजी चर्च. त्याला सगळे काळं देऊळ म्हणत. त्याच्या मागं विहीर, विहिरीच्या मागं मळा आणि मळ्याच्या कडेनं पंधरा-वीस घरं. सगळी ख्रिस्ती. मी एकटाच गणपती मांडणारा, तर आरतीला एस्तेरबाई येऊन टाळ्या वाजवायच्या आणि प्रसाद दोनदा मागून घ्यायच्या.

ऑफिसात शांतवनरावांचा दरारा होता, पण तो लेटमार्कामुळे नव्हता. कुणी दहा मिनिटं उशिरा आला तर ते बघून न बघितल्यासारखं करत. पण कुणाचं कार्ड दोन दिवस जागचं हललं नाही, की यांच्या अंगात वारं शिरे. "ह्यो ग्येला कुटं?" असं म्हणत दिवसभर ऑफिसात येरझाऱ्या. रविवारी उपासना संपली की सायकल काढून थेट त्याच्या घरी. मला डबलसीट. एकदा प्रेसशॉपमधला नामदेव नावाचा पोरगा असा गडप झाला होता. आम्ही त्याची खोली हुडकून काढली, तर हा अंधारात भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेजारच्या मशिनवर कुणाचं तरी बोट गेलेलं त्यानं पाहिलं होतं आणि त्याचा पाय गेटाकडे वळेना. शांतवनरावांनी उपदेश वगैरे काही केला नाही. दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले. मॅनेजर म्हणाले बसा, हे बसले नाहीत. म्हणाले नंतर बघू, हे हलले नाहीत. शेवटी नामदेवची स्टोअरमध्ये बदली झाली तेव्हाच ते तिथून निघाले.

मला इतिहास हा विषय शाळेत कधीच सोसला नाही. तहाची कलमं पाठ करताना मला झोप यायची. पण शांतवनरावांच्या तावडीत सापडलं की काळ्या देवळाचा इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नव्हती, आणि तोही चालता चालता ऐकायचा. देवळात भिंतीवर एक संगमरवरी पाटी होती. तिच्यावर सगळ्या गोऱ्या पाद्र्यांची नावं इंग्रजीत कोरलेली. शांतवनराव त्या पाटीवर किल्ल्यांच्या जुडग्यानं टकटक करत.

"ह्यातला एक बी साहेब चार उन्हाळं हितं टिकला न्हाई. कुनी पटकीनं ग्येला, कुनी घोड्यावरनं पडला, कुनाची मडम म्हनली, चला घरी. साहेब आलं आन् साहेब ग्येलं. आमी बग, हाय तितंच हाय. पर आमची पाटी कुटं हाय?"

गोष्ट अशी होती. रेल्वेच्या कामावरच्या गोऱ्या इंजिनिअरांचा इथं तंबूंचा तळ पडला होता. रविवारच्या प्रार्थनेला त्यांना छप्पर हवं होतं. त्यांचा पहिला पाद्री हॅरिस, मळ्यातले लोक त्याला हारीसाहेब म्हणत, त्यानं देऊळ बांधायला काढलं. नगरकडे दुष्काळ होता, तिकडून माणसं कामाला आली. देऊळ उभं राहिलं, रेल्वेचं काम संपलं, साहेबांचे तंबू उठले. माणसं मात्र राहिली. नऊ घरं. हारीसाहेबानं त्यांना देवळामागची पडीक जमीन दिली, त्यांनी विहीर खणून तिचा मळा केला. पुढं बाप्तिस्मे झाले, शाळा झाली, आणि पाद्रीमळा असं नाव पडलं.

या नऊ घरांची पाटी नव्हती, पण हजेरी होती. दर जानेवारीत देवळाचा वाढदिवस साजरा होई. उपासना संपली की एक माणूस वेदीच्या पायरीवर उभा राहून नऊ मूळपुरुषांची नावं मोठ्यानं घेई. सगळी तोंडपाठ, कागद नाही. एकेक नाव पुकारलं की त्या घरातलं कुणीतरी उठून म्हणे, "हजर." बस, एवढंच. पण त्या एका शब्दासाठी लोक मुंबईहून, दौंडहून रजा टाकून येत. हारीसाहेबाचा आपल्या लेकरांवर इतका जीव होता की तो प्रत्येकाला नावानं हाक मारी, तीच ही हाक, असं सगळे सांगत. शांतवनरावांचे वडील कित्येक वर्षं ही नावं घेत. ते गेले आणि मान शांतवनरावांकडे आला.

त्यांची पहिली हजेरी मी मागच्या बाकावर बसून पाहिली. काळा कोट, टाय गळ्याशी आवळलेला, आणि पायरीवर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर चुळबुळ. त्यांनी पहिलं नाव घेतलं.

"येसू ओव्हाळ!"

माझ्या शेजारी एस्तेरबाईंचा भाऊ पेत्रस बसला होता. तो बाकाच्या कडेला पुढं सरकला. हे नाव सात-आठ वर्षांत तिथं कुणी घेतलं नव्हतं. येसू ओव्हाळाच्या नातवानं, सखारामनं, छप्पन साली घरच्या सगळ्यांसह दीक्षा घेतली होती. बौद्ध झाल्यावर तो मळा सोडून चाकणच्या वाटेवर कुरुळीला, सासुरवाडीच्या गावी जाऊन राहिला. त्यानंतरच्या जानेवारीत शांतवनरावांच्या वडिलांनी नावांची सुरुवात दुसऱ्या नावापासून केली होती. सखाराम आणि शांतवनराव मिशनच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पण त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

शांतवनराव थांबून राहिले. कुणी उठेना. पेत्रस मुळातच मऊ काळजाचा. त्याला ती शांतता सोसवेना. तो उठला आणि म्हणाला, "हजर!"

"खाली बस!" शांतवनराव असे कडाडले की पुढच्या बाकावरचं पोर रडायला लागलं. "दुसऱ्याचं कार्ड मारतूस? देवाच्या घरात प्रॉक्सी?"

लोक हसले. पाद्री भालेराव, वयानं तरुण आणि स्वभावानं गरीब, त्यांनी डोळे मिटून घेतले. शांतवनरावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "येसू ओव्हाळ, गैरहजर." मग पुढची आठ नावं घेतली.

त्या संध्याकाळी देवळाच्या कमिटीची मंडळी शांतवनरावांच्या घरी आली. ओव्हाळ आता आपल्यातले राहिले नाहीत, मग त्यांचं नाव कशाला, असा त्यांचा सवाल. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना उगाच कटकट नको होती. शांतवनराव ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत ऐकत होते. मग थांबले.

"गैरहजर लागायला आदी मस्टरवर नाव लागतं," ते म्हणाले. "मानूस येत न्हाई म्हून त्याचं नाव कापत न्हाईत. त्यानं सोता राजीनामा दिल्याबिगर म्या कापनार न्हाई."

कमिटीची मंडळी उठून चपला घालायला लागली. तेव्हापासून दर जानेवारीत येसू ओव्हाळ गैरहजर लागू लागला. मळ्याला सवय झाली. पोरंसोरं तर खेळताना एकमेकांना म्हणायची, "येसू ओव्हाळ, गैरहजर!"

वर्षं गेली. भोसरीकडे कारखान्यांची रांग लागली, रस्त्यावर ट्रक थांबेनात. माझं लग्न झालं, खोलीला खिडकी पाडली. उरलेल्या आठ मूळ घरांतली माणसंही आता विरळ व्हायला लागली होती. कुणी परळला, कुणी आखातात. डिसेंबर लागला की शांतवनरावांची धावपळ सुरू. कुणाला तार, कुणाला निरोप, कुणाच्या दारात स्वतः जाऊन उभे. "यायचं हाय, ध्यानात हाय ना?" मला तर कधीकधी त्यांचा वैताग यायचा. अहो, दीडशे मैलांवरून माणसानं यायचं, एक शब्द बोलायचा आणि परत जायचं, याला काही अर्थ आहे का, असं मी एकदा विचारलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवायचं कशाला असं विचारलं होतं.

मग पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला आमच्या कंपनीत मिलिंद ओव्हाळ नावाचा एक फिटर लागला. त्याचं नवं कार्ड लिहायला शांतवनरावांच्या हातात आलं, तेव्हा ते बराच वेळ ते कार्ड उलटसुलट करत राहिले. पोरगा सखारामचा धाकटा. हुशार, शर्टाची कॉलर ताठ. महिन्याभरात तो स्वतःच टाइमऑफिसच्या खिडकीशी आला.

"आढावसाहेब, एक निरोप आहे. बापू म्हणतात, आमच्या पणजोबाला तुम्ही दरसाल गैरहजर लावता म्हणे. नाव काढून टाका. नाहीतर बापू येऊन तमाशा करतील."

मला वाटलं, आता भडका उडणार. शांतवनरावांचा चेहरा मात्र उजळला.

"येतो म्हनला? कवा?"

"अहो, तमाशा करायला."

"व्हय, पर येतो म्हनला ना!"

पुढच्या रविवारी त्यांनी जन्मात पहिल्यांदा उपासना चुकवली. एसटीनं कुरुळी फाट्यावर उतरून आम्ही गावात गेलो. सखाराम, आता सगळ्यांचे सखाबापू, ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. दारातून आत भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती. माणूस अंगानं दणकट आणि बोलायला उतावळा नव्हता. यांना पाहून त्यांनी शेंग फोडायची थांबवली नाही.

"आलास?"

"तू बोलावलंस."

"म्या न्हाई बोलावलं. म्या नाव काढ म्हनलं."

"त्ये न्हाई जमायचं."

आता सखाबापूंनी सूप बाजूला ठेवलं. "तुज्या बापानं नाव काडलं तवा मला इचारलं न्हाई. तू परत घातलंस तवा बी इचारलं न्हाई. आमचा आजा म्हंजी काय तुमच्या देवळाचं बाकडं हाय? मनाला आलं तर आत, मनाला आलं तर भायेर?"

शांतवनराव ओट्याखाली चकरा मारत होते, ते जागच्या जागी थबकले. मग ते हळू म्हणाले, "चुकलं माजं. आता इचारतो. घेऊ का नाव?"

"न्हाई."

आतून सखाबापूंच्या पत्नीनं चहा आणला. माझ्या हातात कप देताना त्यांनी नवऱ्याकडे एक नजर टाकली, तीत राग होता की हसू हे मला कळलं नाही. चहाचा घोट घेऊन सखाबापू पुन्हा बोलायला लागले. आवाज आता खाली आला होता.

"तू त्याला आत हुबा करतूस. त्यो आत कवा व्हता रं? भिंती त्यानं रचल्या, कमान त्यानं बसवली. छप्पर चडलं तशी साहेबलोकं आत बसली आन् आमची मान्सं भायेर हिरीपाशी, त्यांची घोडी धरून. आजा मला सोता सांगायचा. मरस्तवर त्या दारातनं आत ग्येला न्हाई. आन् तू आत हुबा ऱ्हाऊन त्याला गैरहजर लावतूस!"

"पर हारीसाहेब तर नावानं हाका मारायचा..."

"हाका?" सखाबापू हसले. "आरं, ती हजेरी व्हती! पगाराची. सकाळच्या पारी हिरीवर मुकादम नावं घ्यायचा. हजर म्हनला त्येचा रोज पडायचा, न्हाई म्हनला त्येचा खाडा. तुमी त्याची प्रार्थना करून टाकली."

शांतवनरावांनी चहा तसाच ठेवला आणि निघाले. परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही बाभळीखाली उभे होतो. ते ओठांत काही पुटपुटत बोटांवर मोजत होते. अचानक त्यांनी माझा दंड धरला.

"येसू ओव्हाळ, गवंडी. धोंडी साळवे, त्यो बी गवंडी. बाळा आढाव, आमचा आजा, चुन्याच्या घानीवर. मंग चार बिगारी. मंग पानक्या. शेवटाला घोड्यांचा गवत्या. आरं, ह्यो वयाचा क्रम न्हाई, बाप्तिस्म्याचा न्हाई. ह्यो कामाचा क्रम हाय! ह्ये मस्टर हाय मस्टर!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "इतकी वर्सं म्या ही नावं घेतोय, आन् धंदा माजा ह्योच. आन् मला दिसलं न्हाई!"

मला वाटलं होतं, त्यांना यात गंमत वाटेल. टाइमकीपरच्या हाती अखेर मस्टरच आलं, म्हणून मी चार दिवस त्यांची थट्टाही केली. पण ते सुकून गेल्यासारखे झाले. टाइमऑफिसात कार्डांच्या रॅकपुढून नुसते इकडून तिकडे चालत. एकदा दुपारी माझ्या स्टुलाशी येऊन म्हणाले, "लहानपनापास्नं वाटायचं, कुनीतरी मायेनं आमच्या आज्याला हाक मारली व्हती. त्ये बी गोऱ्यानं. रोज पाडायसाटी मारली व्हती रं ती." मला खूप वाईट वाटलं. मी खुर्चीवरचा माझा डबा उचलला. ते बसले नाहीत. खिडकीतून गेटाकडे बघत राहिले.

त्याच सुमाराला मळ्याची मागची बाजू शेजारच्या कारखान्यानं घेतली. रीतसर घेतली, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. लोकांनी पैशांतून पत्रे काढून स्लॅब टाकले. पण त्या तुकड्यात विहीर होती. तिच्यावर शेड येणार होती. खांब रोवून झाले, तार ओढायला सुरुवात झाली, विहिरीकडचा भाग तेवढा अजून उघडा होता. शांतवनराव रोज सकाळ-संध्याकाळ त्या खांबांपर्यंत जाऊन येत. मग एका रविवारी उपासनेनंतर ते न बोलावता पायरीवर चढले आणि सगळं सांगून टाकलं. मुकादम, रोज, खाडा, घोडी धरून बाहेर उभी असलेली माणसं, सगळं.

म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. कमिटीतले एक गृहस्थ चिडले. जी गोष्ट आपल्या वाडवडिलांनी मानानं सांगितली तिची तुम्ही माती करता, असं ते म्हणाले, आणि मला तेही काही खोटं वाटलं नाही. शांतवनराव म्हणाले, "साहेबानं कामासाटी हाक मारली. मारू द्या. मायेनं मारायची ती आपन मारू. पर जितं मारली तितं मारू. औंदा हजेरी हिरीवर."

पाद्री भालेरावांनी कसनुसं तोंड केलं. वेदीसमोरची प्रथा बाहेर नेणं बिशपसाहेबांना चालेल का, असं ते विचारत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एस्तेरबाई उठल्या.

"कामाला ग्येलेल्या मान्साचं नाव घ्यायला देव आतच लागतो व्हय? भायेर त्येला ऐकू येत न्हाई?"

झालं. ठरलं. शांतवनरावांनी मिलिंदच्या हाती कुरुळीला निरोप धाडला. माझ्यासमोरच सांगितला म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. "म्हनावं, नाव घेऊ का, आसं परत इचारतोय. आत यायचं न्हाई, प्रार्थना न्हाई. म्होरल्या साली हीर नसनार. तू न्हाई म्हनलास तर या बारीला नाव घेनार न्हाई, कायमचं बंद. पर न्हाई म्हनायला तरी ये."

उत्तर आलं नाही. मिलिंदला विचारलं की तो खांदे उडवायचा. "बापू काही बोलत नाहीत." शांतवनरावांची झोप उडाली. जेवताना उठून दारात जाऊन बघून यायचे. एस्तेरबाई करवादायच्या, "आवं, वाडदिवस आजून आटवड्यावर हाय!" मी नाशिकच्या कारखान्यात नोकरी धरली होती आणि महिनाअखेर निघणार होतो. त्यामुळे माझा तिथला तो शेवटचा जानेवारी.

त्या दिवशी उपासना झाल्यावर सगळे देवळामागं गेले. थंडी होती, ऊन कोवळं होतं. विहिरीच्या एका बाजूला माणसं उभी राहिली, आठ घरांची, आणि आमच्यासारखी बघ्यांची. पाद्री भालेराव झगा सावरत होते. शांतवनराव काठाशी काळ्या कोटात उभे, आणि त्यांची नजर सारखी खांबांच्या पलीकडे.

तिकडून कुणी येत नव्हतं.

कमिटीतले गृहस्थ म्हणाले, "सुरू करा आता." शांतवनरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नाव घ्यायचं की नाही? होकार नसताना घेतलं असतं, तर सखाबापूंना पुन्हा न विचारल्यासारखंच झालं असतं. दुसऱ्या नावापासून सुरुवात केली असती, तर त्यांच्या वडिलांनी जे केलं तेच झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना. कासारवाडीकडून गाडी आली आणि लोणावळ्याच्या दिशेनं धडधडत निघून गेली. तेवढा वेळ कुणाला बोलावं लागलं नाही म्हणून बरं वाटलं.

गाडी गेली तेव्हा चिंचेखाली सखाबापू उभे होते. पांढरा सदरा, हातात काठी, शेजारी मिलिंद. तारेच्या उघड्या तोंडातून ते आत आले होते, पण विहिरीच्या पलीकडेच थांबले. आमच्या बाजूला आले नाहीत. कुणाकडे बघितलंही नाही. त्यांची नजर देवळाच्या कमानीवर होती.

शांतवनराव त्यांच्याकडे बघत राहिले. सखाबापूंनी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवले आणि ताठ उभे राहिले.

"येसू ओव्हाळ!" शांतवनरावांनी पुकारलं.

एस्तेरबाईंनी माझ्या बायकोचा हात धरला. विहिरीत पारवे घुमत होते.

"जय भीम!" सखाबापू म्हणाले. मोठ्यानं, खणखणीत.

पाद्री भालेरावांनी दचकून मान वर केली. असं उत्तर त्या हजेरीत कधी आलं नव्हतं. सगळ्यांत आधी एस्तेरबाईंचा आवाज आला, "जय भीम, बापू." मग पेत्रस म्हणाला. मग मागून कुणी, पुढून कुणी. कमिटीतल्या गृहस्थांनीही ओठ हलवले, ते मी पाहिलं.

शांतवनरावांना आता पुढचं नाव घ्यायचं होतं. लहानपणापासून पाठ असलेलं नाव. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, नुसताच श्वास बाहेर पडला. माणसं थांबली होती. पाद्रीसाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं झाले, पण हात मध्येच थांबला.

तेव्हा विहिरीच्या पलीकडून सखाबापूंनी हाक मारली. त्या मळ्यात, त्या कंपनीत, शांतवनरावांना शाळेतल्या त्या नावानं हाक मारणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

"म्होरलं नाव घे की रं शांत्या! मान्सं खोळंबल्यात."